'माझा प्रवास'ची माझ्याकडची प्रत नेमकी कुठली?

मंडळी, मदत हवी आहे. सध्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' वाचतेय. चार पैसे दक्षिणा मिळवायला वरसईहून निघालेला भिक्षुक १८५७च्या धामधुमीत सापडतो, झाशीच्या वेढ्यात अडकतो आणि तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घरी आणतो! पुस्तक खाली ठेववत नाही.

अडचण अशी, की रद्दीवाल्याकडून उचललेल्या माझ्या प्रतीची पहिली पानंच गायब आहेत. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली हात फिरवून छापलेलं रूप ते हेच, की दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये मूळ हस्तलिखितावरून काढलेलं? भाषा जरा जास्तच गुळगुळीत वाटतेय, म्हणून शंका. मजकुरावरून कसं ओळखायचं? आणि मूळबरहुकूम आवृत्ती पुण्यात कुठे मिळेल? जुनी, पिवळी पडलेली चालेल, फक्त पानं पूर्ण हवीत.