शब्दचर्चा : कॅबिनेटमधलं 'पॅडिंग' म्हणजे गादी, अस्तर का भराव?

लातूरचा बॉक्सवाला
नमस्कार मंडळी. मी लाकडी बॉक्स बनवतो, मेन धंदा मंडपवाल्यांच्या साउंडचा पण आता गिटार वाजवणारी पोरंबी यायलेत, त्यांना १२ इंची एका स्पीकरचं कॅबिनेट, म्हणजे स्पीकर बसवायची लाकडी पेटी, पायजे असतं. आलेला प्रत्येकजण एक विचारतोच, "काका, आतून पॅडिंग करून देणार ना?" पॅडिंग म्हणजे काय करू ते सांग म्हणलं की एकाला पाठीच्या फळीवर इंचभर फोम पायजे असतो, दुसऱ्याला अख्खी पेटी गच्च भरून पायजे, तिसऱ्याला वाटतं पॅडिंग केलं की शेजारच्या खोलीत आवाज जाणारच न्हाई. तिघंबी शब्द एकच वापरायलेत. मला बॉक्ससोबत एक छोटा कागद द्यायचाय, आत काय लावलंय, कशासाठी, काढायचं असलं तर कसं काढायचं. तर ह्याला मराठीत शब्द कोणता धरावा? कारागीर गादी म्हणतो, मी अस्तर म्हणतो. फक्त 'ध्वनिशोषक आवरण' असलं काही सांगू नका, पोरं पहिल्या ओळीलाच कागद टाकून देतील.

जालनेकर
अस्तर एकदम बरोबर. कोटाला अस्तर असतंय, पर्सला असतंय. मूळ फारसी शब्द आहे पण आता त्याला परका कोण म्हणतंय. आणि आपल्याकडं तर अस्तरीकरण हा शब्द सरकारनंच घरोघरी पोचवलाय, शेततळ्याचं अस्तरीकरण, कालव्याचं अस्तरीकरण, मोसंबीवाल्या कोणत्याबी माणसाला विचारा. पण तिथंच एक शंका येते बघा. शेततळ्यातल्या कागदाचं काम पाणी झिरपू न देणं, म्हणजे अडवणं. तुमच्या पेटीतलं अस्तर आवाज अडवतं का? अडवत नसेल तर तो तुमचा तिसरा गिऱ्हाईक अस्तर वाचून अजूनच खूश होणार आणि नंतर भांडायला येणार.

परभणीचा मास्तर
जालनेकरांनी नेमकं बोट ठेवलं. आवाज अडवणं आणि आवाज शोषणं ही दोन वेगळी कामं आहेत, ध्वनिरोधक वेगळं आणि ध्वनिशोषक वेगळं. अडवायला वजन लागतं, जाड भिंत, दुहेरी दार, फटी बुजवलेल्या. मऊ हलकी वस्तू अडवत नाही, ती तिच्यातून जाणाऱ्या हवेच्या हालचालीला घासून घासून तिची थोडी उष्णता करून टाकते, बस. त्यामुळे कॅबिनेटच्या आत काहीही मऊ लावलं तरी शेजाऱ्याला फरक पडत नाही, कारण स्पीकरचं तोंड तर खोलीकडेच आहे!

मग आत लावायचं कशाला, तर कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी पडद्याच्या, मागच्या बाजूने निघणाऱ्या आवाजासाठी. बंद पाठीच्या पेटीत तो मागच्या फळीवर आपटून परत कोनवर येतो आणि पातळ कागदाच्या कोनमधून पुढे निसटतो. शिवाय समोरासमोरच्या दोन फळ्यांमध्ये ठराविक सूर अडकून राहतात. पेटी आतून २७ सेंटीमीटर खोल असेल तर पहिला अडकणारा सूर साधारण ६४० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६४० कंपनं), रुंदी ५० सेंटीमीटर असेल तर साधारण ३४५ चा. (हे ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरून. आपल्या मे महिन्यात ४० अंशाला तो ३५५ च्या आसपास जातो, म्हणजे परभणीतली पेटी उन्हाळ्यात किंचित वरच्या सुरात अडकते, पण ते सोडा.) गिटारची जाड सहावी तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ आणि गिटारचे स्पीकर ५ हजारच्या पुढे फारसं काही बोलतच नाहीत, म्हणजे हे अडकणारे सूर बरोबर गिटारच्या पोटात येतात. 'डब्यातून आल्यासारखा आवाज' म्हणतात तो इथला.

आता शब्दाचं. फळीला चिकटून एक थर लावला तर अस्तर. पेटीची पोकळीच भरली तर भराव. ह्या दोन्हींना पॅडिंग म्हणतात म्हणून घोळ होतो, कारण काम एकसारखं नाही. अस्तर मुख्यतः परतणारा आवाज खातं. भराव तेही करतो आणि वर आतल्या हवेचा स्वभाव बदलतो. हवा दाबली की तापते आणि जास्त ताठ होते, पण तंतूंमध्ये असली की ती उष्णता तंतू घेतात आणि हवा नरम पडते, त्यामुळे स्पीकरला पेटी आहे त्यापेक्षा मोठी वाटते. कागदावर ही वाढ जास्तीत जास्त ४० टक्के, प्रत्यक्षात त्याच्या बरीच खाली. घरातल्या हायफाय स्पीकरला हे फायद्याचं असतं. गिटारला बहुतेकदा नसतं, कारण गिटारचं कॅबिनेट हे वाद्याचा भाग आहे, त्याची फळी थोडी बोलली पाहिजे, मधला सूर थोडा उसळला पाहिजे. भरपूर चांगली, नावाजलेली गिटार कॅबिनेटं आतून पूर्ण उघडी असतात, साधं लाकूड.

'गादी'ला माझा विरोध आहे. गादी ही कोणीतरी बसायला किंवा निजायला असते, तिच्यावर भार येतो. इथे भार कशाचा?

तुळजापूरचा संबळवाला
मास्तर, मधला सूर उसळला पायजे म्हणालात ते लै पटलं. आमच्याकडं वाद्य घुमलंच पायजे, डग्ग्याला घुमारा नसंल तर त्याला डग्गा कोण म्हणंल. आणि हीच पोरं कॅबिनेट घेऊन आली की तक्रार काय तर 'घुमतंय'. म्हणजे एकच क्रियापद, वाद्याला कौतुक आणि खोक्याला शिवी. कागदावर 'अस्तरामुळे घुमणे कमी होते' असं छापलं तर निम्म्या लोकांना वाटंल बेस गेला. बेसला आमच्यात खर्ज म्हणतात किंवा नुसतं 'खालचं'. त्यो अस्तरानं जात न्हाई ना?

परभणीचा मास्तर
नाही जात. इंचभर अस्तराला ८२ हर्ट्झ कळतच नाही, त्या सुराची तरंगलांबी, म्हणजे एका लाटेची लांबी, सव्वाचार मीटर आहे. अस्तर नीट पकडतं ते ज्याची पाव तरंगलांबी अस्तराच्या जाडीएवढी किंवा कमी आहे ते, म्हणजे २.५ सेंटीमीटरला साधारण साडेतीन हजार हर्ट्झच्या वरचं. खाली हळूहळू पकड सुटत जाते. म्हणून पातळ फोमने वरची कर्कश धार थोडी मरते, पण डबा वाजतो तो ३४५-६४० चा भाग तसाच राहतो आणि लोक म्हणतात पॅडिंग करून काय उपयोग झाला नाही. त्याला जाडी हवी किंवा फळीपासून अंतर हवं. अडकलेल्या सुरात हवा फळीजवळ हलतच नाही, फळीजवळ नुसता दाब असतो, ती हलते मधोमध. शोषायचं तर जिथे हलते तिथे वस्तू पाहिजे. पण मधोमध स्पीकरचं मॅग्नेट बसलेलं असतं! तर मग जेवढं पुढे आणता येईल तेवढं.

संभाजीनगरचा रिपेरवाला
इथं एवढं सायन्स चाललंय आणि आमच्या लाइनीत शब्द केव्हाचा ठरलाय, 'फोम मारणं' आणि 'रेक्रॉन भरणं', रेक्रॉन म्हणजे उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस. रंग मारतात, पट्टी मारतात, तसा फोम मारतात. गिऱ्हाईक विचारतं "अंदर से मारा क्या?" आणि समजतं त्याला. तुमचं अस्तर आणि भराव दोन्ही ह्यात आलं, मारला ते अस्तर, भरलं ते भराव. घुमण्याला आमच्याकडं 'गूंज' म्हणतात, 'बॉक्स गूंजतोय'. संबळवाल्या दादांचा प्रॉब्लेम मिटला बघा, घुमणं वाद्याला ठेवा, गूंज खोक्याला.

पण शब्दापेक्षा माल बघा. आमच्याकडं खोलायला येतात त्या पेट्यात लोकांनी काय काय मारलेलं असतं, थर्माकोल, टीव्हीच्या खोक्यातला पांढरा पॅकिंग फोम, अंड्याचे ट्रे. ह्यातलं एकबी काम करत नाही. पांढऱ्या पॅकिंग फोममधे बंद बुडबुडे असतात, हवा आत शिरतच नाही तर शोषणार काय. सोपी टेस्ट आहे, तुकडा तोंडाला घट्ट लावायचा आणि फुंकर मारायची. पलीकडं हाताला हवा लागली पण जरा जोर लावावा लागला तर माल चांगला. काहीच गेली नाही तर पॅकिंग. भुर्रकन गेली तर लै विरळ. सोफावाल्याकडचा साधा फोम पास होतो, नमदा, म्हणजे दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड, पास होतो, उशीतलं रेक्रॉन पास होतं. ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, सगळ्यात भारी पास होतं पण त्याला कापडात शिवल्याशिवाय लावू नका, हाताला खाजतं ते एक आणि त्याची कुसळं कोनमागच्या तारेच्या कॉइलच्या फटीत गेली की स्पीकर खरखरायला लागतो.

नांदेडचा गिटारवाला
माझं ओपन बॅक आहे, पाठ अर्धी उघडी. मी आतून सगळीकडं फोम मारू लालो होतो, मारू का नको? आणि कापूस चालतो का, आमच्या घरी पिंजलेला पडलाय, नांदेड ४४ ह्या कापसाच्या वाणाच्या गावात राहून उशीचं रेक्रॉन विकत आणायचं जिवावर येतंय.

संभाजीनगरचा रिपेरवाला
उघड्या पाठीला सगळीकडं मारून काय करणार, मागचा आवाज तर मागून सरळ बाहेरच चाललाय. कोनच्या बरोबर मागं जी फळीची पट्टी असेल तिच्यावर एक तुकडा मारला तर मारा, तिच्यावर आपटून येणारी धार जरा कमी होईल. बाकी राहू द्या.

कापूस पिंजलेला असेल तर आवाज मस्त खातो, त्यात शंका नाही. पण बसतो. सहा महिन्यांनी सगळा तळाला गोळा होऊन वरची फळी उघडी पडलेली असते, उंदीर येतो, पावसाळ्यात ओल धरतो. शिवून टाके घालून लावला तर जागेवर राहतो, म्हणजे गोधडीच म्हणा. आणि ज्या पेटीत व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांचा, ॲम्प्लिफायर बसवलेला आहे, म्हणजे कॉम्बो, तिथं कापूस अजिबात नको. व्हॉल्व्ह तापतात आणि कापूस पेट घेतो, एवढं साधं आहे.

परतूरची सून, सेलूची लेक
मधेच बोलते, गिटारमधलं मला काही कळत नाही पण शिवणातलं कळतं. भाऊ म्हणाले ते टाके घातलेलं म्हणजे गोधडी नाही. गोधडी, वाकळ ही जुन्या कपड्याच्या थरांची. मधे कापूस घालून टाके घातलेली ती दुलई, जुन्या बायका लेप म्हणायच्या. आणि शिवणात तर ह्याला शब्द तयारच आहे की. कापड, अस्तर आणि दोन्हीच्या मधे घालतात तो कापूस किंवा स्पंज, त्याला आम्ही भरणी म्हणतो. अस्तर म्हणजे नेहमी आतलं पातळ कापड, त्याला जाडी नसते. तुमचा इंच दोन इंचाचा फोम म्हणजे अस्तर कसं काय? माझ्या हिशेबानं फोम ही भरणी आणि त्यावरून काळं कापड लावत असाल तर ते अस्तर.

लातूरचा बॉक्सवाला
ताई लै महत्त्वाचं बोललात. मी फोमवरून काळं मलमल लावतोच, तंतू उडू नयेत म्हणून. म्हणजे तुमच्या हिशेबानं माझ्या पेटीत भरणीबी आहे आणि अस्तरबी आहे. पण कागदावर भरणी लिहिलं तर मास्तरांच्या भरावाशी घोळ व्हायलाय, आणि आमच्याकडं भरणी म्हणलं की लोणच्याची बरणी आठवणारेबी हायेत.

जालनेकर
भराव तर त्याहून अवघड शब्द. जायकवाडीच्या मातीच्या धरणाचा भराव, रस्त्याचा भराव, पुलाच्या कडंचा भराव. भराव म्हणलं की मुरूम आणि टिप्पर डोळ्यासमोर येतंय, कापूस येत नाही.

परभणीचा मास्तर
शिवणाचा आक्षेप मान्य, पण शेततळ्याने आणि कालव्याने अस्तराला कापडातून आधीच बाहेर काढलंय. कालव्याचं अस्तर काँक्रीटचं असतं, चांगलं काही इंच जाड. तेव्हा अस्तर म्हणजे 'आतल्या पृष्ठभागाला लागून असलेला थर' एवढं धरलं तर फोम बसतो. जाडी सोबत लिहा म्हणजे झालं, '५ सेंटीमीटर जाड अस्तर'. आणि गच्च भरण्याला नामच कशाला पाहिजे, क्रियापद वापरा. 'पेटी भरलेली नाही.' मराठीत क्रियापदाने काम होतं तिथे लोक उगाच नाम शोधत बसतात. ह्याच न्यायाने घुमणेही टाळता येईल, 'आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत नाही' असं सरळ लिहा.

लातूरचा बॉक्सवाला
मग असं लिहितो, बघा जमतंय का:

"पेटीच्या पाठीच्या फळीला आतून ५ सेंटीमीटर जाड फोमचे अस्तर आहे, वरून काळे मलमल. बाकीच्या फळ्या मुद्दाम उघड्या ठेवल्या आहेत, पेटी भरलेली नाही. अस्तराने आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत नाही. अस्तराने खर्ज कमी होत नाही आणि शेजाऱ्यांना आवाज जायचा थांबत नाही. अस्तर वेल्क्रोवर आहे, पाठ उघडून काढता येते. काढून ऐका, लावून ऐका, आवडेल तसे ठेवा."

तुळजापूरचा संबळवाला
शेजाऱ्यांची ओळ सगळ्यात वर घ्या.

संभाजीनगरचा रिपेरवाला
"पाठ उघडून" च्या आधी "ॲम्प्लिफायर बंद करून, वायर काढून" टाका. आणि पाठीचे स्क्रू सगळे परत घट्ट बसवा हेबी लिहा, एक जरी ढिला राहिला तर फळी खडखडते आणि मग पोरगं म्हणतं अस्तर खराब आहे.

परतूरची सून, सेलूची लेक
मलमल विरळ असतं, फोमचा भुगा त्यातून येईल. मांजरपाट घ्या.

संभाजीनगरचा रिपेरवाला
ताई, मांजरपाट दाट विणीचं असलं तर हवा अडवेल. दुकानातच दोन्हीला फुंकर मारून बघायला सांगा.