मदत हवी आहे: देवनागरी आणि गुजराती एकत्र असलेला लोगो, गुजराती अक्षरं उघडीबोडकी दिसतात

तिसरं_वर्ष_बडोदा

नमस्कार. बडोद्याला उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दांडिया बाजारातल्या एका घरगुती मसाले-लोणची उद्योगासाठी लोगो आणि त्यासोबतची सगळी ओळख करतेय: लेबल, दुकानाची पाटी, कापडी पिशवी, बिलबुक. खरं नाव अजून जाहीर करायचं नाही, म्हणून चर्चेपुरता 'फोडणी' हा शब्द धरू. खऱ्या नावातही ओकार आणि दीर्घ ईकार अशाच जागी आहेत.

गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं गुजराती. त्यामुळे नाव दोन्ही लिप्यांत हवं, एकाखाली एक. कल्पना अशी की ओकाराची मात्रा म्हणजे फोडणीच्या पळीचा दांडा. पळीतून मोहरीचे नऊ दाणे उडतायत, वर वाफेच्या दोन रेषा, आणि पळीत पिवळ्यातून लालात जाणारी छटा.

अडचणी:

देवनागरी शब्द भरीव, बांधलेला दिसतो. त्याखाली गुजराती ठेवलं की ते उघडंबोडकं आणि विस्कटलेलं दिसतं. जोड जमावी म्हणून गुजरातीवरही शिरोरेखा ओढून पाहिली, तर घरच्या मंडळींना ते वाचताच येईना. दोन्ही शब्दांची लांबी सारखी करायला देवनागरीचं ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं, तर शिरोरेखा तुटली. लेबल ६ × ९ सेंमीचं आहे, लोगोला त्यात ४० मिमी रुंदी मिळते. तेवढ्यात दाणे दिसेनासे होतात. पाटी ८ × २ फुटांची.

कुठे चुकतंय?

अक्षरओळ

शिरोरेखा ओढलीत तिथेच चुकलं. गुजराती वाचणाऱ्याचा डोळा अक्षराचा माथा मोकळा आहे असं धरून चालतो. त्यावर रेघ आली की त्याला ती देवनागरीच वाटते आणि मग प्रत्येक अक्षर अनोळखी होतं. दोन लिप्यांचं नातं रेघेतून जमवायचं नसतं. ते जमतं दंडाच्या, म्हणजे अक्षरातल्या उभ्या रेघेच्या, जाडीतून, टोकं कशी कापली आहेत त्यातून, वळण किती गोल आणि किती ताणलेलं आहे त्यातून.

आधी सांगाडे शेजारी ठेवून बघा. ण आणि ईकार यांचे उभे दंड दोन्ही लिप्यांत आहेत. ड जवळजवळ तोच, फक्त गुजरातीत त्याला लटकायला रेघ नाही. फचा सांगाडा मात्र निराळा आहे. त्याला मारून मुटकून देवनागरी फसारखा करू नका, गुजराती फ म्हणूनच नीट काढा. ओकाराची मात्रा दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे काना चढून वरच जाते. म्हणजे तुमची पळी हाच खरा दुवा आहे. तो हाताशी असताना शिरोरेखेच्या मागे कशाला लागायचं!

आता 'उघडं' का दिसतं ते. शिरोरेखा म्हणजे शब्दभर पसरलेली शाई. उंची आणि दंड सारखे ठेवले तर देवनागरी नेहमीच जास्त काळी दिसणार. म्हणून दोन्हीकडून थोडं थोडं सरकायचं. देवनागरीची शिरोरेखा दंडाच्या ८० ते ८५ टक्के जाडीची करा. गुजराती दंड तीन ते पाच टक्क्यांनी जाड करा आणि अक्षरांमधली जागा थोडी आवळा. हे आकडे सुरुवातीपुरते. पुढचं डोळ्यावर: प्रिंट भिंतीला लावा, दोन मीटर मागे जा, डोळे बारीक करा. दोन्ही शब्द सारख्याच करड्या पट्ट्यांसारखे दिसले की जमलं.

लांबी जुळवायची तर गुजरातीत जुळवा. तिथे अक्षरं सुटी असल्यामुळे जागा कमी-जास्त करता येते. देवनागरीला ट्रॅकिंग लावायचंच नाही. अगदीच गरज पडली तर आउटलाइन केल्यावर (फाँटच्या अक्षरांचे साधे आकार केल्यावर) अक्षरं हाताने सरकवून शिरोरेखा नव्याने एकसंध काढायची.

संदर्भ हवा असेल तर मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात श्रीसयाजी साहित्यमालेची जुनी पुस्तकं मागा. त्या मालेत मराठी पुस्तकंही आहेत आणि गुजरातीही. मुखपृष्ठं आणि शीर्षकं शेजारी ठेवून दंडाची जाडी मोजा, फुटपट्टीनेच.

तिसरं_वर्ष_बडोदा

शिरोरेखा काढून टाकते. फाँटचं विचारायचं राहिलं. सध्या अक्षरं मुक्ता आणि मुक्ता वाणी यांवरून बेतली आहेत. व्यावसायिक कामाला चालतील ना? आणि इलस्ट्रेटरमध्ये 'चविष्ट' लिहिलं की पहिली वेलांटी वच्या उजवीकडे जाते.

अक्षरओळ

चालतील. मुक्ता आणि मुक्ता वाणी, हिंद आणि हिंद वडोदरा, बलू २ आणि बलू भाई २ या देवनागरी-गुजराती जोड्या ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. लोगोत वापरायला आणि अक्षरांचे आकार बदलायला हरकत नाही. पण फाँट जसाच्या तसा ठेवलात तर तीच अक्षरं समोरच्या दुकानाच्या पाटीवरही दिसतील. फाँट मापासाठी खाली ठेवा, वर ट्रेसिंग पेपरवर अक्षरं हाताने काढा. साडेतीन-चार सेंमी रुंदीची चाळीसेक छोटी रेखाटनं, सगळी काळ्या स्केचपेनने. रंग नंतर.

वेलांटीचं कारण कंपोजर, म्हणजे मजकूर जुळवणारी सोय. प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून दक्षिण आशियाई भाषांचा कंपोजर निवडा. जोडाक्षरं तुटून पाय मोडलेली दिसत असतील तर तीही यानेच सुधारतात. इंकस्केपमध्ये हा प्रश्न येत नाही.

एक बारकावा. लोगोखालच्या ओळीत 'लोणची' आहे का? मग ल मराठी वळणाचा, पाकळीयुक्त घ्या. पुष्कळ फाँट आपोआप हिंदी वळणाचा ल आणि श देतात. फाँटमध्ये सोय असेल तर भाषा मराठी निवडल्यावर आकार बदलतो, नसेल तर ग्लिफ पॅनेलमध्ये (फाँटमधल्या सगळ्या आकारांच्या यादीत) शोधावा लागतो. मराठी घराच्या लेबलवर हिंदी ल बसला की वाचणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

पाटी_आणि_प्लॉटर

पाटीपुरतं सांगतो. आउटलाइन केलंत (कंट्रोल-शिफ्ट-ओ) म्हणजे फाइल तयार झाली असं समजू नका. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेखा घेऊन येतं आणि ती शेजारच्या शिरोरेखेवर थोडी चढलेली असते. पडद्यावर हे दिसत नाही. प्लॉटर (चिकट विनाइल कापणारं यंत्र) मात्र प्रत्येक आकाराची कड कापतो, त्यामुळे विनाइलच्या शिरोरेखेत दोन अक्षरांच्या सांध्यावर दोन उभ्या चिरा पडतात आणि महिनाभरात तिथूनच कडा उचलतात. आउटलाइन झाल्यावर सगळी अक्षरं निवडून पाथफाइंडरमधलं युनाइट (सगळे आकार एकसंध करणारी आज्ञा) द्या, कोरलमध्ये असाल तर वेल्ड. मग कंट्रोल-वाय दाबून नुसत्या रेषा बघा. शिरोरेखेच्या आत एकही आडवी-उभी रेष उरता कामा नये.

सुट्या अक्षरांच्या पाटीत देवनागरीची सोय अशी की 'फोडणी' अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. गुजराती तोच शब्द पाच-सहा सुट्या तुकड्यांत पडतो आणि प्रत्येक तुकडा वेगळा बसवावा लागतो. म्हणून कारागिराला १:१ मापाचा कागदी छाप द्या, भोकांच्या जागा खुणा करून. नाहीतर तो अंदाजाने बसवणार आणि ईकार खाली सरकणार.

मापं: दोन फूट म्हणजे ६१ सेंमी. वर-खाली मोकळी जागा सोडून ४५ सेंमी हाताशी राहतात, पण त्यातच मात्रा आणि पळी आली. म्हणजे अक्षराचं अंग ३० सेंमीच्या वर जात नाही. पाटीवर दोन्ही लिप्या एकाखाली एक घातल्यात तर दोन्ही बारक्या होतील. आठ फूट लांबी आहे, तिथे शेजारी शेजारी ठेवा. उभी आणि आडवी अशा दोन मांडण्या आत्ताच काढून ठेवा. आतून दिवे हवे असतील तर दंड फार बारीक नको, आत एलईडी नीट बसत नाहीत.

शाई_आणि_जाळी

दाणे काढा, वाफ काढा, छटा काढा. पळी ठेवा.

कारण सांगते. ४० मिमीच्या लोगोत तुमचा एक दाणा अर्धा मिलिमीटरही भरणार नाही. स्क्रीन प्रिंटमध्ये (जाळीतून शाई दाबून छापतात त्यात) ०.३५ मिमीपेक्षा बारीक रेष धरवत नाही. गडद पट्टीतून पांढरी काढायची तर ०.५ मिमी तरी हवी, कारण शाई दोन्ही बाजूंनी आत येते. कापडी पिशवीला जाळी आणखी जाड लागते, सेंटिमीटरला साधारण ४३ ते ५५ धागे. कागद-प्लास्टिकला ९० ते १२० चालतात. मांजरपाटावर ते नऊ दाणे म्हणजे छपाईत उडालेली शाई वाटेल. छटा ठिपक्यांत फोडावी लागते आणि जाड जाळीवर ते ठिपके मोजता येतात.

दोन रंग एकमेकांना टेकत असतील तर ०.२ ते ०.३ मिमी एकमेकांवर चढवा. हाताने छापताना पिशवी तेवढी सरकतेच, मग मध्ये पांढरी फट दिसते. त्याहून बरं म्हणजे पळीचा रंग शब्दापासून सुटा ठेवा.

रंग: हळदीचा पिवळा पांढऱ्यावर वाचता येत नाही, तो पार्श्वभूमीलाच घ्या, साधारण मॅजेंटा २०-२५ टक्के, यलो १०० टक्के. अक्षरं गडद लाल किंवा काळी. काळा नुसता के १०० (फक्त काळी शाई) ठेवा, चारही शाया मिसळून केलेला काळा बारीक अक्षरांत फुटतो. तपकिरी क्राफ्ट पाउचवर पिवळा मातकट होतो, खाली पांढरा थर द्यावा लागतो आणि तो एक जादा रंग मोजला जातो.

लोणच्याच्या बरणीला कागदी स्टिकर नको. तेल झिरपतं, कागद पारदर्शक होतो आणि मागचा मसाला लोगोतून दिसू लागतो. फिल्मचं, लॅमिनेशन केलेलं लेबल घ्या. भाजणी-मेतकुटाला कागद चालतो.

लेबलवर तुमच्या लोगोशिवाय काय येतं तेही मांडणीत आधीच धरा. ६ × ९ म्हणजे ५४ चौसेंमी. १०० चौसेंमीपर्यंतच्या दर्शनी भागावर शाकाहारी खुणेचं हिरवं वर्तुळ किमान ३ मिमी व्यासाचं आणि भोवतीचा चौकोन ६ मिमीचा लागतो. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) खूण आणि १४ आकडी परवाना क्रमांक हवा. अनिवार्य मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. गुजराती-मराठी सोबत चालतं, पण त्याच्या जागी चालत नाही. विद्यार्थ्यांच्या लेबलांत ही जागा नेहमी शेवटी शोधली जाते आणि मग लोगोच आक्रसतो.

तिसरं_वर्ष_बडोदा

दाण्यांचा मोह सुटत नव्हता, आता सुटला. दोन प्रश्न उरले. पैसे आणि कागदपत्रांत काय लिहून घ्यायचं? आणि नावापुढे वर्तुळातला आर लावा असा त्यांचा आग्रह आहे.

कलम_आणि_करार

आर ट्रेडमार्कची (व्यापारचिन्हाची) नोंदणी झाल्याशिवाय लावायचा नाही, ते बेकायदेशीर आहे. टीएम लावायला नोंदणी लागत नाही.

नोंदणीला गुजरातसाठी अहमदाबादचं कार्यालय, फॉर्म टीएम-ए. व्यक्ती किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला (मालाच्या प्रकाराला) ४,५०० रुपये. मसाले, पापड वर्ग ३० मध्ये, लोणची वर्ग २९ मध्ये, म्हणजे दोन वर्ग. नोंदणी १० वर्षं टिकते, मग नूतनीकरण. अर्जाला चित्र काळ्या-पांढऱ्यात द्या. रंगाची मर्यादा घातली नाही तर सगळ्या रंगांना संरक्षण मिळतं. खरं नावही 'फोडणी'सारखं मालाचं वर्णन करणारं असेल तर नुसत्या शब्दावर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली हरकत येऊ शकते. अशा वेळी तुमची पळीवाली आकृती हाच दाव्याचा आधार, म्हणून ती दुसऱ्या कोणाची नाही ना हे नोंदणी कार्यालयाच्या सार्वजनिक शोधात आधी बघा.

कॉपीराइट: तुम्ही त्यांच्या नोकरीत नाही, त्यामुळे लोगोच्या चित्राची पहिली मालकी सहसा तुमची. ती त्यांना द्यायची तर लेखी लागते. मुदत लिहिली नाही तर हस्तांतर ५ वर्षांपुरतं धरलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. 'संपूर्ण मुदतीसाठी, जगभर' असं स्पष्ट लिहा, आणि हे हस्तांतर शेवटचा हप्ता मिळाल्यावर लागू होईल हेही. निम्मे पैसे आगाऊ. दुरुस्तीच्या किती फेऱ्या, ते आकड्यात लिहा. पोर्टफोलिओत दाखवायचा हक्क राखून ठेवा, विद्यार्थ्याला त्याची किंमत पैशांपेक्षा कमी नाही.

तिसरं_वर्ष_बडोदा

आज पुन्हा काढलं. शिरोरेखा ८२ टक्के, गुजराती दंड चार टक्के जाड, दोन्ही शब्दांची रुंदी गुजरातीतून जुळवली. पळी दोन्ही ओकारांवर बसली. एकच शंका: ४० मिमीला पळीची वाटी ओकाराला चिकटून नुसता गोळा दिसतो.

अक्षरओळ

वाटीचं तोंड शब्दाकडे वळलंय म्हणून. ते वर, आकाशाकडे करा आणि वाटी-दांड्याच्या सांध्यात ०.५ मिमीची खाच ठेवा. लहान मापासाठी लोगोची वेगळी प्रत करा: २५ मिमीच्या खाली वाटी भरीव, खाच नाही, खालची ओळही नाही. मग २०, ४० आणि ८० मिमी रुंदीत लेझर प्रिंट काढा, झेरॉक्सची झेरॉक्स अशी तीनदा करा आणि तिसरी प्रत घरातल्या एका गुजराती आणि एका मराठी माणसाला हातभर अंतरावरून वाचायला द्या. त्या तिसऱ्या प्रतीचा फोटो इथे टाका, वाटीचा कोन तिथे ठरवू.