डोंगरउतारावरचा सेंद्रिय मका : उत्पन्न कमी की बेभरवशाचे?

प्रश्न (वरकसवाला) :
शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम भागात आमची दोन एकर वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी, जमीन असून, गेली चार वर्षे तेथे खरिपात रासायनिक खताविना मका घेत आहोत. सुरुवातीला उत्पन्न घटणार हे गृहीत धरलेच होते. मात्र एका वर्षी एकरी अठरा क्विंटल, तर पुढच्याच वर्षी नऊ, हा चढउतार अजून थांबलेला नाही. सेंद्रिय पिकाचे उत्पन्न थोडे कमी असले तरी दरवर्षी सारखे मिळते, असे आम्हाला सांगण्यात आले होते. हे खरे आहे का?

प्रतिसाद (शेणखत) :
सरसकट खरे नाही. २०१८ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात जगभरच्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. मिळालेल्या उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिल्यास सेंद्रिय शेतीचे वर्षागणिक स्थैर्य रासायनिक शेतीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात दिसले. त्याच विश्लेषणानुसार हिरवळीचे खत आणि पुरेसे पोषण दिल्यास ही तफावत घटते. दुष्काळी वर्षांत सेंद्रिय मका सरस ठरल्याचे अमेरिकेतील एका दीर्घकालीन प्रयोगात आढळले आहे; परंतु आपल्या पश्चिम पट्ट्यात खरिपाची अडचण पाण्याच्या टंचाईची नसून अतिरेकाची असते, त्यामुळे तो दाखला येथे जसाच्या तसा लागू होत नाही.

आता नत्राचा हिशेब करून पाहा. मक्याला हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी ४८ किलोच्या आसपास नत्र लागते. पाच टन चांगल्या शेणखतात साधारण २५ किलो नत्र असते आणि त्यातलाही थोडाच भाग पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागतो. पीक गुडघाभर झाल्यापासून तुरा येईपर्यंत भूक सर्वाधिक असते आणि नेमक्या त्याच आठवड्यांत संततधार लागली, तर शेणखतातून मोकळे झालेले नत्रही निचऱ्याबरोबर वाहून जाते. जीवामृताने (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेल्या द्रावणाने) ही तूट भरून निघेल असे मला वाटत नाही. मक्याआधी हिरवळीचे खत म्हणून ताग किंवा धैंचा वाढवून गाडायला खरिपात सवड मिळत नाही, ही खरी अडचण आहे; तेव्हा चवळीचे आंतरपीक घ्यावे आणि कापणीनंतर तिचा पाला शेतातच गाडावा.

प्रतिसाद (निचरा) :
वरील हिशेब मान्य आहे, पण त्याआधी वाफसा, म्हणजे जमिनीत ओल आणि हवा यांचा मेळ आहे का, ते पाहावे. कोवळ्या मक्याला मुळाशी साचलेले पाणी अजिबात सोसत नाही. गगनबावड्यासारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे खरिपात भात आणि नाचणीच का टिकली, याचे उत्तर यातच आहे. वरंब्यावर टोकण करून सरीतले पाणी अगदी मंद उताराने चराकडे काढावे. सरळ उताराच्या दिशेने सरी पाडल्यास पाण्याबरोबर मातीही जाईल.

प्रतिसाद (पोंगा) :
मका खाणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीचाही विचार व्हावा. २०१८ मध्ये ती भारतात प्रथम आढळली, त्यामुळे त्यापूर्वीच्या अनुभवावर आजचे आडाखे बांधता येत नाहीत. पाच टक्के निंबोळी अर्क अळी लहान असतानाच, तोही पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, पडेल असा फवारावा. मेटारायझियम ही अळीला मारणारी बुरशी दमट हवेत चांगली काम करते, म्हणजे निदान येथे तरी आपला पाऊस उपयोगी पडतो. बाजाराबाबत मात्र अपेक्षा बेताची ठेवा. कोंबडीखाद्य आणि इथेनॉलमुळे मक्याची मागणी वाढली आहे, पण तो खरेदीदार सेंद्रिय म्हणून जास्तीचा दर देत नाही.

वरकसवाला :
सर्वांचे आभार. नोंदवही काढून पाहिली असता, नऊ क्विंटलच्या वर्षी पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात खालच्या पट्टीत सहा दिवस पाणी उभे होते असे आढळले. शिवाय त्याच वर्षी कणसे भरत असताना गव्यांनी दोन रात्री पीक तुडवले होते. हे नुकसान आम्ही नकळत सेंद्रिय पद्धतीच्या खात्यावर मांडत होतो. यंदा वरच्या आणि खालच्या पट्टीचे वजन वेगवेगळे करणार आहे. चवळी मक्याबरोबरच टोकावी, की पंधरा दिवसांनी?