चाकुलियाची धावपट्टी राखावी का?

भुसावळकर
भुसावळहून हावड्याला जाणाऱ्या लोहमार्गावर टाटानगर मागे पडले की झारखंडमधील चाकुलिया हे लहान स्थानक लागते. दुसऱ्या महायुद्धात, २ एप्रिल १९४४ रोजी भारतात आलेले पहिले अमेरिकन बी-२९ बॉम्बफेकी विमान याच गावाच्या धावपट्टीवर उतरले. चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी आणि खरगपूर परिसरातील तळांवरून ५ जून रोजी ९८ विमाने बँकॉकच्या मक्कसन रेल्वे कारखान्यावर हल्ला करण्यासाठी उडाली. बी-२९ विमानांची ती पहिलीच युद्धमोहीम होती. रेल्वेच्या गावात वाढल्यामुळे, लक्ष्य म्हणून कारखाना निवडला गेला ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ही धावपट्टी आहे तशी राखावी, तिच्यावर नवे बांधकाम होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

तापीकाठ
मी असहमत आहे. भारतातील या तळांवरून चीनमार्गे जपानवर हल्ले करायचे, अशी ती योजना होती. चीनमधील चेंगडूहून जपानवर हल्ला करायचा तर लागणारे इंधन याच विमानांना हिमालय ओलांडून अनेक खेपांत आधी तेथे पोहोचवावे लागे. १५ जूनच्या, जपानमधील यावाता येथील पोलाद कारखान्यावरील हल्ल्यात नुकसान अगदी किरकोळ झाले, आणि १९४५ च्या पूर्वार्धात या विमानांचे सारे दल पॅसिफिकमधील मरियाना बेटांवर हलवले गेले. जेमतेम वर्षभर चाललेल्या, फसलेल्या योजनेसाठी एवढी जमीन कायमची अडकवणे मला पटत नाही. ती गावाच्या उपयोगी पडावी.

अमळनेरकर
योजना फसली म्हणून तिचा इतिहास पुसावा, हा तर्क चुकीचा आहे. ती फसण्याची कारणेही तेथेच दिसतात: बी-२९ची इंजिने मुळातच तापत असत आणि ही विमाने उतरली ऐन एप्रिलमध्ये. जळगावचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. या दलाचे मुख्यालय खरगपूरजवळच्या हिजलीच्या इमारतीत होते. तेथील बंदिछावणीत १९३१ साली पोलिसांच्या गोळीबारात दोन राजबंदी मारले गेले, आणि १९५१ साली तेथेच देशातील पहिली आयआयटी सुरू झाली. इमारत वापरात राहिली, म्हणून तिचा इतिहासही राहिला.

तापीकाठ
मग तोच न्याय धावपट्टीला लावावा, म्हणजे ती वापरात येऊ द्यावी. दुसरे असे की, हे तळ उभारायला हजारो भारतीय मजूर राबले, तेही बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाच्या आगेमागे. विमानांचे क्रमांक नोंदवले जातात, या माणसांचा उल्लेख मात्र कोणी करत नाही.

भुसावळकर
मजुरांविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्यांच्या हातचे काम म्हणून आज दाखवता येईल अशी गोष्ट ती धावपट्टीच आहे, आणि तीच उखडली तर त्यांचा उल्लेख करायला जागा कोणती उरेल? निदान तिचा एक सलग भाग तरी राखावा, एवढ्यावर मी यायला तयार आहे.