अर्धं पान नटीला, चार ओळी विडीवालीला

नवीपेठकर:
आमच्या घरी येणाऱ्या पेपरात विडी कामगार बायकांच्या मजुरीची बातमी चार ओळींत उरकलीय. रंगीत पुरवणीत मात्र अर्धं पान एका नटीचा बिकिनीतला फोटो, खाली 'चाहते घायाळ'. सिनेमा नाही, मुलाखत नाही. सोलापुरात हजारो घरांची चूल विडीवर पेटते. पानं भरायला बाईचं अंग, आणि बाईच्या कामाला कोपरा? मला हे पटत नाही.

अशोक चौक:
काय मालक, फोटो तिनेच टाकलाय ना? मुलांच्या हाती पडणाऱ्या पेपरांतल्या अशा फोटोंवर निर्बंध घाला, ही मागणी सुप्रीम कोर्टाने २००६ मध्येच अजय गोस्वामी खटल्यात फेटाळली. आज फोटो, उद्या पदर किती हवा तेही सांगाल. पुरवणी गेली की जाहिराती गेल्या. मग पेपर दुप्पट किमतीला घेणार का?

सातरस्ता:
बंदी मागितली कुणी? २०१४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या मनोरंजन विभागाने दीपिका पदुकोणच्या छातीवर ट्विट केलं, तेव्हा तिने जाहीर सुनावलं होतं. कपडे तिने निवडले, त्याची बातमी यांनी केली. फरक कळतो का भाऊ? मी पतसंस्थेत काउंटरला बसते. तीच पुरवणी उघडून आधी फोटोकडे, मग माझ्याकडे बघणारे महाभाग येतात. त्यांना पासबुक मीच भरून देते.
आणि बाईचा फोटोच हवा ना? आपल्या जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने २०२२ मध्ये टी-२०त नाबाद १६२ ठोकल्या. छापा की अर्धं पान, रंगीत छापा!

कडक भाकरी:
स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध १९८६ चा कायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड दोन हजारांपर्यंत. पेपरच्या मालकाला दोन हजार म्हणजे चहापाणी! ब्रिटनच्या 'द सन' या दैनिकाने १९७० पासून तिसऱ्या पानावर उघड्या छातीच्या मुली छापल्या. खासदार क्लेअर शॉर्ट यांनी तिथल्या संसदेत कायद्याचा प्रयत्न केला, जमला नाही. २०१२ मध्ये लोकांनी सह्यांची मोहीम काढली, २०१५ मध्ये छापील अंकातले ते फोटो थांबले.

अशोक चौक:
सह्यांनी थांबले की धंद्याचं गणित बदललं म्हणून, कुणास ठाऊक. काढा मोहीम. पण शब्दकोड्याला हात लावू नका, आमच्या हिला रोज लागतं.

नवीपेठकर:
शब्दकोडं राहू द्या. संपादकांना पत्र लिहितोय, सही कोण कोण करणार? वहिनींनाही विचारा.