लॅब्राडॉर कुत्री 38 किलोची झाली, कच्चं मांस सुरू करू का?

संत्राबाग_मोर्शी

नमस्कार मंडळी. आमची चिंगी लॅब्राडॉर हाय, वय सहा वर्षं. शेतातल्या घरीच रायते. पिल्लं होऊ नये म्हून तिचं ऑपरेशन केलं, तवापासून वजन वाढतच चाललं. परवा कृषी केंद्रात खताच्या काट्यावर उभी केली तं 38 किलो भरली. आता मे महिना, पारा 45 च्या वर. चार पावलं चालली का धापा टाकते आन् दिवसभर हौदाजवळच्या ओलीत पडून रायते. उन्हाळ्यात तिले काही झालं तं, या इचारानं मले झोप नाई.

खाणं सांगतो. सकाळी दोन जवारीच्या भाकरी दुधात कुस्करून, रात्री पुन्हा दोन. दूध घरच्या म्हशीचं, दिवसाचं अर्धा लिटर. वरून माय चहासंग तिले बिस्किटं देते, अर्धा पुडा तरी होत असन.

नागपूरचा मावसभाऊ म्हणते का भाकर-दूध बंद कर, कच्चं मांस चालू कर, कुत्रं आपोआप सडपातळ होते. चिकनवाला ओळखीचा हाय, कातडी, माना, पंजे पिशवीभर फुकट द्याले तयार हाय. आठवडी बाजाराच्या दिवशी बोकडाचं फुप्फुस आन् वजरीचे तुकडेही भेटतात. हे कच्चंच द्यावं का? किती द्यावं? कोणी देऊन पाह्यलं असन तं सांगा.

रॉकीवाला_उमरेड

भाऊ, बिनधास्त सुरू करा. माझा जर्मन शेफर्ड कच्च्यावरच आहे. आधी 36 किलोचा होता, आता 31 वर टिकून आहे. केसांना चमक आली, विष्ठा कमी आणि घट्ट झाली, तोंडाचा वास गेला.

हिशोब असा: जे वजन हवं आहे त्याच्या 2 ते 3 टक्के मांस रोज. चिंगीचं 30 किलो धरलं तर 600 ते 900 ग्रॅम. वजन उतरवायचं असेल तर 600 वरच राहा. त्यात 80 टक्के मांस, 10 टक्के खाता येईल असं कच्चं हाड, 10 टक्के कलेजी-गुर्दे, त्यातही कलेजी निम्मीच. कुत्र्याला कच्चं खाऊ घालण्याची पद्धत इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं 1993 मध्ये पुस्तक लिहून लोकांपुढे आणली. कुत्रा मुळात लांडगाच, त्याला भाकरीचं काय काम? मी रॉकीला कोंबडीशिवाय काही देत नाही, आणि डीप फ्रीझरमध्ये गोठवल्याशिवाय देत नाही.

पशुवैद्यक_अंतिम_वर्ष_नागपूर

रॉकीचं वजन आटोक्यात आलं हे चांगलंच झालं, पण ते मोजून दिल्यामुळे आलं. कच्च्या मांसात चरबी उतरवणारं वेगळं काही नसतं. मोर्शीच्या भाऊंनी लिहिलेलंच मोजू. मध्यम भाकर अडीचशे किलोकॅलरीच्या आसपास धरा, चार झाल्या हजार. म्हशीचं अर्धा लिटर दूध पाचशे. अर्धा पुडा बिस्किटं म्हणजे निदान दोनशे. एकूण सतराशे. आता 30 किलोच्या कुत्र्याची नुसत्या विश्रांतीतली गरज काढण्याचं सूत्र आहे: किलोतल्या वजनाचा 0.75 वा घात, गुणिले 70. ते येतं सुमारे 900. वजन उतरवताना सहसा याच आकड्यापासून सुरुवात करतात. नसबंदीनंतर कुत्रीची गरज घटते आणि आपण वाटी तेवढीच ठेवतो, त्यामुळे चिंगीचं वजन तेव्हापासून वाढलं यात नवल नाही.

फुकटची कातडी तर नकोच. कोंबडीच्या कच्च्या कातडीत 100 ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, बिनकातडीच्या मांसात एकशेवीसच्या आसपास. ती पिशवी चालू केली तर चिंगी आणखी वाढेल.

लांडग्याच्या मुद्द्यावर: स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2013 साली दाखवलं की पिष्ट पचवणारं जनुक कुत्र्यांमध्ये लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रतींमध्ये असतं. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर जगलेला प्राणी आहे तो. भाकर त्याला पचते, फक्त चार नकोत.

एक महत्त्वाचं. लॅब्राडॉरची भूक खरंच वेगळी असते. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि पोट भरल्याची जाणीव कमी होते. ती मागते म्हणून तिला गरज आहे, असं धरू नका. आणि 2002 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला अभ्यास: 48 लॅब्राडॉर, निम्म्यांना आयुष्यभर जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी अन्न. ती सडपातळ कुत्री सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगली, सांधेही उशिरा दुखायला लागले. एवढ्यासाठी तरी करा.

आधी रक्त तपासून थायरॉईड पाहून घ्या. ते कमी असेल तर नुसतं खाणं कमी करून भागत नाही.

पशुसखी_दारव्हा

मोर्शीचे भाऊ, मी उमेदची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची पशुसखी. गावातल्या शेळ्यांले जंताचं औषध देणं, लसीची तारीख पाळणं, करडांची वजनं घेणं हे माझं काम. कुत्र्यांची डॉक्टर मी नाई. पण तुम्ही बोकडाचं फुप्फुस कच्चं द्यायचं लिहिलं, ते वाचून मले राहवलं नाई.

बोकड कापल्यावर कधीमधी कलेजीवर नाईतर फुप्फुसावर पांढरट, पाण्यानं भरलेल्या गाठी दिसतात. गिऱ्हाईक तो भाग घेत नाई, म्हून खाटिक तो कापून बाजूले टाकतो, आणि तोच कुत्र्याच्या वाट्याले येतो. त्या गाठीत हायडॅटिडचा जंत असतो. कुत्र्याच्या आतड्यात त्याचे अर्धा सेंटिमीटरचे बारीक जंत तयार होतात. कुत्रं वाळत नाई, खोकत नाई, चांगलं ठणठणीत दिसतं. पण दीड-दोन महिन्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडायले लागतात. गवतावर पडली का शेळीच्या पोटात, कुत्र्याच्या केसाले लागली का आपल्या हातात. चिंगी तं तुमच्या मायजवळ बसून बिस्किट खाते!

माझ्या नणंदेच्या लिव्हरमधून अशी दहा सेंटिमीटरची गाठ काढली. कितीक वर्षं तिले काही कळलं नाई, नुसतं उजव्या कुशीत जड वाटायचं. सोनोग्राफीत दिसलं. ऑपरेशन झालं, आज ती बरी आहे, पण घर हादरून गेलं होतं. तवापासून कोणाच्या हातात कुत्र्यासाठी कच्च्या फुप्फुसाची पिशवी दिसली का मी वाटेत थांबवून सांगतो.

म्हून माझं म्हणणं एकच: बोकडाची कलेजी, फुप्फुस, तिल्ली, वजरी कच्ची देऊच नका. द्यायचीच तं अर्धा तास चांगली खळखळ उकळा. गाठी दिसल्या तं तो भाग खोल गाडा, उकिरड्यावर नको. आणि चिंगीले जंताची गोळी देताना तिच्यात प्राझिक्वांटेल आहे का ते डॉक्टराले विचारा. नुसत्या अल्बेंडाझोलच्या भरवशावर हा जंत जात नाई. आतापर्यंत कच्चं काही पोटात गेलं असेल तं ही गोळी आधी.

उमरेडचे दादा कोंबडीच देतात, कोंबडीतून हा जंत येत नाई, हे खरं. पण कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जुलाबाचे जंतू असतात. कुत्र्याले ते पचूनही जातील, पण ज्या ताटलीत मांस ठेवलं, ज्या हातानं दिलं, तिथून ते घरातल्या लेकराले लागतात. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाईन गेली का चार-पाच तास येत नाई. गोठलेलं मांस सुटतं, पुन्हा गोठतं. शहरात डीप फ्रीझर भरवशाचा असेल, शेतातल्या घरी मी त्यावर जीव टाकणार नाई.

आता नागपूरच्या डॉक्टर भाऊंनी 900 सांगितले, ते चुलीवर कसे बसवायचे ते सांगतो. हाडं आणि कातडी काढलेलं चिकन 400 ग्रॅम, पाण्यात शिजवून. त्यात कोंबडीची कलेजी एक छोटा तुकडा, 30 ग्रॅमच्या वर नको, रोज जास्त कलेजी झाली तं जीवनसत्त्व अ अंगात साचतं. उकडलेलं अंडं एक. कोहळं नाईतर दुधी 200 ग्रॅम, हे पोट भरायले. भाकर एक. हे दोन वेळेत वाटून. दूध बंद. मीठ, कांदा, लसूण काहीच नको, कांद्यानं कुत्र्याचं रक्त कमी होतं. रविवारच्या मटणाची तर्री भाकरीवर ओतून देणं तं अजिबातच नको.

मांसात हाड नाई म्हणजे कॅल्शियम नाई, हे लोक विसरतात. नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्याचं शरीर स्वतःच्या हाडातून कॅल्शियम ओढतं. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून मिक्सरमध्ये मैद्यासारखी बारीक करा. त्या पिठाचा अर्धा चमचा रोज. शिजवलेलं हाड मात्र कधीच देऊ नका, ते तडकून टोकदार होतं आणि आतड्यात रुततं. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व अशा घरच्या खाण्यात कमीच पडतात, म्हून महिनोनमहिने हेच चालवायचं तं कुत्र्याची पूरक पावडर डॉक्टराकडून लिहून घ्या. म्हशीच्या मिनरल मिक्सचरचा डबा उघडू नका, त्याचं प्रमाण जनावराचं असतं.

वजन दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर करा. आठवड्याले 300-400 ग्रॅम उतरलं तं बरोबर चाललं. त्याहून भराभर उतरलं तं खाणं थोडं वाढवा. काट्यापेक्षाही हात खरा. शेळीचं अंग आम्ही कमरेच्या हाडावर हात फिरवून ओळखतो, तसं कुत्र्याच्या बरगडीवर बोटं फिरवायची. बरगडी आपल्या उघड्या हाताच्या पाठीवरच्या हाडांसारखी लागली तं चांगलं. तळहातासारखं मऊच लागलं तं चरबी आहे. वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे.

फिरवणं सूर्य निघायच्या आधी. पाटाले पाणी असेल तं पोहू द्या, लॅब्राडॉरले पाण्याची आवड असते आणि सांध्यांवर भार येत नाई. फक्त तुमच्या बागेत बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा ड्रम ज्या हौदावर धुता त्या हौदाचं पाणी तिले पिऊ देऊ नका.

रॉकीवाला_उमरेड

ताई, हायडॅटिडचं मला माहीत नव्हतं. माझ्या घरी तीन वर्षांची मुलगी आहे. कोंबडीसुद्धा वाफवून दिली तर त्यातलं सत्त्व जातं का?

पशुसखी_दारव्हा

दादा, ज्या पाण्यात शिजवली ते पाणी फेकू नका, वरची चरबी काढून तेच कालवा. शिजताना जे सत्त्व सुटतं, ते बहुतेक त्यातच उतरतं. पोरगी लहान आहे तं शिजवूनच द्या. रॉकीचं वजन तुमच्या मोजण्यानं उतरलं, ते मोजणं तसंच राहू द्या. फक्त कच्चं हाड बंद झालं का टरफलाचं पीठ सुरू करायले विसरू नका.

संत्राबाग_मोर्शी

ताई, डॉक्टर भाऊ, लय उपकार झाले. चिकनवाल्याले पिशवी नको म्हून सांगून आलो. सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात नेतो, गोळीचं आन् थायरॉईडचं दोन्ही विचारतो. एकच अडचण हाय. माय आयकत नाई. म्हणते, भाकर तोडली तं मुकं जनावर उपाशी मरन, त्याचं पाप लागन. चिंगी तिच्यापुढं डोळे लावून बसते आन् तिचा हात थांबत नाई.

पशुसखी_दारव्हा

भाऊ, मायचा हात थांबवू नका, हातातली वस्तू बदला. सकाळीच काकडीचे नाईतर गाजराचे बारीक तुकडे करून एक वाटी मायजवळ ठेवा आणि सांगा, दिवसभरात ही वाटी चिंगीले तुम्हीच चारायची, दुसऱ्या कोणी नाई. शंभर ग्रॅम काकडीत पंधरा-सोळा कॅलरी असतात, बिस्किटात साडेचारशे. आणि काट्यावर नेताना मायले सोबत न्या. आकडा त्यांनीच वाचू द्या.