आरोपींची धिंड काढली की बरं वाटतं, पण ते बरोबर आहे का?

पंचवटीकर_दादा:
२०२५ च्या ऑक्टोबरात नाशिक पोलिसांनी आरोपींची धिंड काढून त्यांच्याकडून 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणवून घ्यायला सुरुवात केली तेव्हा मी पण ते रील्स सगळ्या ग्रुपवर टाकले, काल कोयता नाचवणारे भाई आज हात जोडून तेच वाक्य म्हणतायत, लय भारी वाटलं. पण आमचे मेव्हणे वकील आहेत, ते म्हणतात अजून चार्जशीटचा पत्ता नाही अन तुम्ही शिक्षा देऊन मोकळे. तुम्हाला काय वाटतं?

सातपूरवाला:
मेव्हण्यांना म्हणावं रात्री दहाला शटर ओढून गल्ल्यासकट एकटे घरी जाऊन दाखवा 😂 निर्भयाच्या केसला सगळ्या देशाचं लक्ष असताना २०१२ ते २०२० लागले, आमच्या गल्लीतल्या मारामारीला कोण विचारतंय? नुसत्या तारखा. तोवर साक्षीदार फुटतो नाहीतर बिऱ्हाड हलवतो. धिंड काढली की पोरं निदान महिनाभर तरी तोंड लपवून फिरतात.

जेलरोडचे_काका:
नाशिकचीच एक केस सांगतो. २००३ ला एकाच घरातल्या पाच जणांचे खून अन बलात्कार, लोक भयंकर चिडलेले. भटक्या जमातीतले सहा जण धरले, २००६ ला इथल्या सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली तर २००९ ला सुप्रीम कोर्टाने परत सहाही जणांना फाशीच. आणि २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सगळे निर्दोष सोडले! वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधून भलत्याच चौघांचे फोटो ओळखले होते, त्या चौघांना कोणी हात पण लावला नाही. सहातला एक तर तेव्हा अल्पवयीन होता. भरपाई किती, तर पाच-पाच लाख. तेव्हा रील्स असते तर या सहा जणांची धिंड आपणच फॉरवर्ड केली असती.

सातपूरवाला:
काका ते वेगळं. इथं कोयतावाला सीसीटीव्हीत धडधडीत दिसतोय.

जेलरोडचे_काका:
मग ते फुटेज कोर्टात चालू दे की, रस्त्यावर चालवून काय होणार? व्हिडिओ काढायला शंभर जण पुढे असतात अन पंचनाम्याला सही करायला दोन पंच मिळत नाहीत. तू येशील का सीबीएस बसस्टँडजवळच्या कोर्टात साक्ष द्यायला?

सातपूरवाला:
येईन हो, पण दिवसभर कोर्टाबाहेर बसवून शेवटी पुढची तारीख देतात, दुकान कोण बघणार

पंचवटीकर_दादा:
मेव्हणे पण हेच म्हणतात, साक्षीदारच येत नाहीत